हिरासिंग नायकाची एक ओळ

बंजारा तांड्याचा म्होरक्या हिरासिंग नायक, त्याला विंचू चावल्याची गोष्ट पुसदपासून दिग्रसपर्यंत सांगतात. सांगणारा प्रत्येक जण तिखटमीठ आपल्या हातानं घालतो, पण विंचवाचं पुढं काय झालं याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे. हिरासिंगनं कापसाच्या ढिगात हात घातला. विंचवानं नांगी मारली. हिरासिंगनं हात बाहेर काढून पाहिला आणि पुन्हा आत घातला. विंचवानं पुन्हा मारली. मग विंचूच ढिगावर येऊन बसला, शेपूट तोंडासमोर धरून नांगीत काही बिघाड आहे का ते तपासू लागला, आणि त्या दिवसापासून त्यानं धंदा सोडला. तो अजून तांड्यामागं एका दगडाखाली राहतो म्हणे, आणि मुंग्यासुद्धा त्याला भीत नाहीत.

विंचवाचं सोडा. पण पोरगा गेल्यापासून हिरासिंगला काही लागत नव्हतं, हे मात्र खरं. रुपीबाई, त्याची बायको, तव्यावरची भाकर सरळ त्याच्या हातावर टाकायची आणि तो ती नुसती धरून बसायचा. एक दिवस तिनं भाजीत मीठच घातलं नाही. तो जेवला. दुसऱ्या दिवशी दोनदा घातलं. तो जेवला. मग तिनं तो खेळ सोडून दिला, कारण चव तिलाही कळत नव्हती.

पोराचं नाव रोहिदास. ऊसतोडीला गेला आणि तिकडं अंगदुखीच्या गोळ्यांची सवय घेऊन आला. आधी पाठ दुखते म्हणून खायचा, मग पाठ दुखत नसली तरी. इकडं मेडिकलवाल्याला डॉक्टरची चिठ्ठी लागत नव्हती, ओळख पुरत होती. एका संध्याकाळी तो आणि त्याचा जोडीदार लखन, दोघांनी शेतात बसून गोळ्या घेतल्या. लखन उठला. रोहिदास उठेना. लखननं त्याला मोटारसायकलवर पुढं बसवलं, गमछ्यानं स्वतःच्या पोटाशी बांधलं आणि दवाखान्यापर्यंत आणलं. फाटकाशी पोलिसांची गाडी उभी होती. ती दुसऱ्याच कामाला आली होती. एक शिपाई आत बोटाला टाके घालून घेत होता. लखनला ते कसं ठाऊक असणार? त्यानं समोरच्या एसटीच्या शेडमध्ये रोहिदासला बाकावर बसवलं, पडू नये म्हणून त्याच गमछ्यानं खांबाला बांधलं, आणि पळाला.

शेडमध्ये लोक आले, गेले. गाडीची वाट पाहता पाहता झोपलेला माणूस, त्यात नवल काय? शेवटच्या गाडीच्या कंडक्टरनं त्याचा खांदा हलवून विचारलं, "पुसद का?"

डॉक्टर म्हणाले, रस्ता ओलांडून आणलं असतं तर वाचला असता.

लखन त्या दिवसापासून तांड्यावर आला नाही. कोणी म्हणे कोल्हापूरकडं ऊस तोडतो, कोणी म्हणे रेल्वेच्या पुलाखाली राहतो. त्याची आई बिजलीबाई तांड्यावर एकटी उरली. तिच्याशी कोणी भांडलं नाही. नळावर ती आली की बाकीच्या बाया आपापल्या हंड्यातलं पाणी बघत राहायच्या, एवढंच.

आमदार सांत्वनाला आले तेव्हा गाड्यांचा ताफा एवढा लांब होता की पहिली गाडी तांड्यात शिरली तरी शेवटची पुसदच्या चौकात हॉर्न वाजवत होती, आणि मधल्या गाड्यांतल्या लोकांना आपण लग्नाला चाललो की मयतीला हे सुद्धा ठाऊक नव्हतं. आमदार चटईवर बसले. हिरासिंगचा हात हातात घेतला. हिरासिंगनं तो हात दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा त्यांच्याकडं राहू दिला.

"नायक, या अधिवेशनात आमी कायदाच आणून राह्यलो," आमदार म्हणाले. "बिगर चिठ्ठीची गोळी विकली का सीधा जेलात. विकणाराही अन् खाणाराही. तुमाले आजूक काय पाह्यजे थे सांगा. सरकार तुमच्या पाठीशी हाये."

लोकांना वाटलं, नायक आता कोणासाठी तरी नोकरी मागेल, नाही तर तांड्यासाठी सडक. हिरासिंग म्हणाला, "मले एक ओळ पाह्यजे जी."

"कायची ओळ?"

"तुमच्या कायद्यात. जो कोनी असा माणूस उचलून दवाखान्यात आनीन, त्याले पोलिसानं काई विचारू नये. त्यानं सोता गोळ्या खाल्ल्या असन, तरी."

दाराबाहेर पाण्याच्या टाकीला टेकून बिजलीबाई उभी होती. तिनं पदर तोंडात धरला. रुपीबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, मग चुलीकडं.

आमदारांनी मागं बघितलं. मागं त्यांचा सहायक संघदीप उभा होता, कळंबचा, वकिली शिकलेला पोरगा. "लिहून घे रे," आमदार म्हणाले. "नायकाच्या नावानं दुरुस्ती टाकू."

"दुरुस्ती आपल्याच नावानं टाकावी लागते, साहेब," संघदीप म्हणाला.

"मंग माझ्या नावानं टाक. ओळ नायकाचीच ना?"

आता या तांड्यावर कायदा कसा होतो ते सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. तांड्याची पंचायत म्हणजे नसाब, ती लिंबाखाली बसते. नायक विचारतो, आणि लिंबाच्या सावलीत जो जो बसला असेल त्यानं तोंडानं होय किंवा नाही म्हणायचं. मुकं राहायची सोय नाही. मान हलवून चालत नाही, कारण मान डासानंही हलते. सगळ्यांचं होय आल्याशिवाय ठराव होत नाही. एकदा बकऱ्या मोकळ्या सोडू नयेत असा ठराव चालला होता, आणि दिग्रसचा एक भांडेवाला उन्हाचा म्हणून सावलीत टेकला होता. त्यालाही विचारलं. तो म्हणाला, नाही. झालं! ठराव अडला. त्याला चहा पाजला, जेवू घातलं, अर्ध्या तांड्यानं त्याची पातेली विकत घेतली, तेव्हा कुठं तो होय म्हणाला. तोवर बकऱ्यांनी कारभाऱ्याची तूर साफ केली होती. पण ठराव झाला तो असा झाला, की आजपर्यंत एका बकरीनंही तो मोडलेला नाही.

अशा तांड्याचा नायक डिसेंबरात नागपूरला गेला, आपली ओळ कायद्यात बसताना पाहायला. रुपीबाईनं भाकरी बांधून दिल्या. येतो म्हणाला नाही, जातो म्हणाला नाही.

संघदीपनं त्याच्यासाठी पास काढून ठेवला होता. गेटावर झडती होती. झडतीत लोकांच्या खिशातून खर्ऱ्याच्या, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूच्या पुड्या निघत होत्या आणि एका टेबलावर जमा होत होत्या. नशेचा कायदा बघायला आलेल्या लोकांच्या खर्ऱ्याचा तिथं एवढा डोंगर झाला होता की त्याच्या पलीकडचा हवालदार दिसत नव्हता, फक्त त्याचा आवाज यायचा, "पुढं चला." हिरासिंगच्या खिशात तंबाखूची डबी होती. त्यानं ती ठेवली आणि पुन्हा कधी मागितली नाही.

"हे पाहा काका," वर गॅलरीत जाता जाता संघदीप समजावत होता, "खात्यानं मसुदा केला, मंत्रिमंडळानं पास केला, आता तो सभागृहात हाये. एक एक कलम विचारतीन. आपल्या कलमाचा नंबर आला का साहेब उभे राहून ओळ मांडतीन. मंग मत. इथं झालं का वरच्या सभागृहात. तिथून राज्यपालाकडं. सही झाली का कायदा."

"अन् कोनी नाई म्हनलं तं?"

"जास्त जण होय म्हनले का झालं."

"नाई म्हननाऱ्याचं काय करते?"

संघदीपला हा प्रश्न वकिलीच्या परीक्षेत आला नव्हता. "काई नाई," तो म्हणाला. "बसते बिचारे."

खाली सभागृहात गोंधळ होता. कोणत्या तरी दुसऱ्याच गोष्टीवरून विरोधी बाकांवरचे लोक मधल्या मोकळ्या जागेत उतरून घोषणा देत होते. त्या गलक्यात अध्यक्ष एका सुरात वाचत होते. कलम दोन विधेयकाचा भाग व्हावे, होय म्हणा, नाही म्हणा, होयचे बहुमत. कलम तीन. कलम चार. हिरासिंगनं लग्नात अक्षता पडताना पाहिल्या होत्या, त्याही याहून सावकाश पडतात. त्याला वाटलं, यांच्यात कोणी झोपलेलं असेल तर त्याचं होय केव्हा घेणार? आणि होतेही दोघे झोपलेले.

मग आमदार उभे राहिले. हिरासिंग पुढं सरकला.

आमदार चांगलं बोलले. खोटं कशाला सांगा. एसटीची शेड सांगितली, गमछा सांगितला, कंडक्टर सांगितला. तांड्याचं नाव घेतलं. घोषणा देणाऱ्यांपैकी दोघे-तिघे थांबून ऐकू लागले. मंत्री उठले. "सन्माननीय सदस्यांची भावना रास्त आहे," ते म्हणाले, "पण अशी ओळ घातली तर उद्या प्रत्येक विकणारा म्हणेल, मी दवाखान्यातच नेत होतो. नियम करताना या बाबीचा विचार केला जाईल. त्यांनी आपली सुधारणा मागं घ्यावी, अशी माझी विनंती आहे."

आमदार पुन्हा उठले. आश्वासनाबद्दल त्यांनी मंत्र्यांचे आभार मानले. "मी माझी सुधारणा मागं घेतो, अध्यक्ष महोदय."

हिरासिंगला नीट कळलं नाही. त्यानं संघदीपकडं पाहिलं. संघदीप आपल्या बुटांकडं पाहत होता.

अध्यक्षांनी वाचलं, "सदस्य आपली सुधारणा मागे घेऊ इच्छितात. सभागृहाची अनुमती आहे काय?"

विचारलं होतं. छताखाली बसलेल्या सगळ्यांना विचारलं होतं. आणि हिरासिंग आयुष्यभर विचारल्यावर मुका राहिलेला नव्हता. तो उभा राहिला आणि म्हणाला, "नाई."

रोहिदास गेल्यापासून तो एवढ्या मोठ्यानं बोलला नव्हता. आवाज त्याला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला, नाल्यापलीकडून कोणी हाक मारावी तसा. लोक सांगतात, तो 'नाई' एवढा दणक्यात निघाला की मधल्या मोकळ्या जागेतल्या घोषणा बंद पडल्या, झोपलेले दोघे जागे होऊन सवयीनं 'होय' म्हणाले, आणि बाहेर शेतकऱ्यांच्या मोर्च्यातल्या बैलांनी माना वर केल्या. खरं म्हणजे फक्त माणसं वर बघू लागली. मग कोणी तरी हसलं.

मार्शलनी त्याला दोन्ही दंडांना धरलं. त्यानं अंग सैल सोडलं. आपल्याला धरलंय हे त्याला दिसत होतं, जाणवत नव्हतं. जाता जाता मागून अध्यक्षांचा सूर ऐकू आला, "अनुमती आहे. सुधारणा मागे घेण्यात आली."

एका खोलीत त्याला बसवून ठेवलं. एक अधिकारी आला, त्याच्या पांढऱ्या मिशांकडं पाहून गडबडला. "बाबा, गॅलरीतून बोलायचं नसतं. ठाऊक नव्हतं का?"

"त्यायनं इचारलं जी," हिरासिंग म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं."

"मंग मी तिथं कायले बसलो होतो?"

अधिकाऱ्यानं त्याच्यासाठी चहा मागवला. चहा उकळता होता. हिरासिंगनं तो पाण्यासारखा पिऊन टाकला. अधिकारी बघतच राहिला.

सभागृह उठल्यावर संघदीप सोडवायला आला. आमदारांचा निरोप होता, नायकानं राग मानू नये. बाहेर रस्त्याच्या कडेला दोघं उभे राहिले.

"साहेबाले आपल्याच मंत्र्याविरुद्ध मत मागता येत नाई, काका. मागं नसती घेतली तं हरली असती. मागं घेतली का निदान आश्वासन राह्यते. आश्वासनं पाळली का नाई, हे पाह्याले सुद्धा एक समिती हाये."

"आश्वासनाची समिती?"

"हाव."

हिरासिंगनं समोरून एक एसटी जाऊ दिली. मग म्हणाला, "पोरा, एक सांग. ओळ बसली असती, तं लखनले लागली असती का?"

संघदीपनं त्याच्याकडं पाहिलं. लखन कोण, ते त्याला ठाऊक होतं. "नाई, काका," तो हळू म्हणाला. "कायदा झाला त्या दिवसापासून पुढं लागते. मागच्याले लावाचा असन तं तसं मुद्दाम लिहा लागते. पूर्वलक्षी प्रभावानं, असं."

"काय म्हनलं?"

"पूर्वलक्षी. म्हंजे जे होऊन गेलं, त्यालेही लागू."

"असं लिहिता येते?"

"येते. पण कोनी लिहित नाई सहसा."

हिरासिंगनं तो शब्द तोंडात घोळवला. एसटीत बसल्यावरही घोळवत राहिला. खिडकीची काच बसत नव्हती, डिसेंबरचं वारं सरळ त्याच्या छातीवर येत होतं. शेजारच्या माणसानं अंगावरची शाल डोक्यावर ओढली आणि विचारलं, "बाबा, थंडी नाई वाजत का?"

"वाजत असन," हिरासिंग म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं रुपीबाईला काय झालं ते सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. ऐकून घेतलं, आणि सोलत राहिली.

पुढच्या रविवारी त्यानं नसाब बोलावली. सगळी घरं लिंबाखाली बसली. बिजलीबाई कडेला बसली, अर्धी उन्हात. तिच्या आजूबाजूची जागा मोकळी होती.

हिरासिंग म्हणाला, "आपल्याले एक कायदा कराचा हाये. नशेत पडलेल्या माणसाले जो उचलून दवाखान्यात नेईन, त्याले तांडा काई विचारणार नाई. शिवी नाई, दंड नाई, बोल नाई. अन् पोलीस आले तं समदा तांडा त्याच्या बाजूनं उभा राहीन."

कारभारी म्हणजे नायकाखालचा माणूस. बकऱ्यांच्या वेळी तूर गेली तोच. तो म्हणाला, "नायक, उद्या कोनी मुद्दाम पाजीन अन् उचलून नेईन. मंग?"

"नेईन ना?"

"हाव, नेईन."

"मंग नेऊ दे. शेडमधी बसवून तं जानार नाई."

कारभाऱ्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "होय," तो म्हणाला. मग घरोघर होय आलं. म्हाताऱ्यांचं आलं, सुनांचं आलं. बिजलीबाईकडं वळल्यावर तिचे ओठ हलले. हिरासिंग म्हणाला, "आवाज पाह्यजे." ती म्हणाली, "होय."

"आता दुसरी ओळ," हिरासिंग म्हणाला. "हा कायदा पूर्वलक्षी हाये."

"थे काय असते?"

"होऊन गेलेल्यालेही लागू."

लिंबावर कावळा होता, तोही गप्प झाला. हे तांड्यातलं पोरगंही शपथेवर सांगेल. सगळ्यांना कळलं होतं. कोणी बिजलीबाईकडं पाहिलं नाही. कारभारी खाली मान घालून बोलला, "त्यानं दवाखान्यात नाई नेलं, नायक. दवाखान्यासमोर नेलं."

"रस्ता सोडून समदं नेलं त्यानं," हिरासिंग म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, माया नव्हती. चावडीवर कोणी पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगत होता. "तेवढा रस्ता मी भरून देतो. होय का नाई?"

होय यायला वेळ लागला. एकेक आलं. दुपार कलली, सावली सरकली, आणि लोक उठून सावलीबरोबर सरकत गेले. सगळ्यात शेवटी रुपीबाई उरली. ज्या घरचं माणूस गेलं, त्या घराचा आवाज शेवटी घ्यायची रीत आहे. हिरासिंगनं बायकोला विचारलं, जसं बाकीच्यांना विचारलं तसंच. "होय का नाई?"

रुपीबाई उठली आणि घरात निघून गेली.

लोक बसून राहिले. नाही आलं नव्हतं आणि होयही आलं नव्हतं, आणि मुकं राहायची सोय नाही, म्हणून उठताही येत नव्हतं. कोणाची तरी म्हैस दूध काढायची राहिली होती, ती ओरडत होती. हिरासिंग लिंबाच्या बुंध्याला टेकून समोर बघत बसला. बायको काय म्हणेल, याची आपल्याला भीती वाटायला हवी, असं त्याला वाटलं. वाटली नाही.

रुपीबाई परत आली तेव्हा तिच्या हातात धुतलेला, घडी घातलेला गमछा होता. दवाखान्यातून रोहिदासचे कपडे मिळाले, त्यात आलेला. तिनं तो बिजलीबाईच्या मांडीवर ठेवला.

"तुह्या पोराचा हाये," ती म्हणाली. "थंडीचे दिवस हायेत. त्याले म्हन, येऊन घेऊन जा."

बिजलीबाईनं गमछ्यावर हात ठेवला, उचलला नाही.

"आवाज पाह्यजे," हिरासिंग म्हणाला.

रुपीबाईनं नवऱ्याकडं असं पाहिलं, की त्या जुन्या विंचवानंसुद्धा दगडाखाली अंग चोरलं असतं. "होय," ती म्हणाली. "झालं समाधान?"

"मंजूर," हिरासिंग म्हणाला. लोक उठले, ढुंगणाची माती झटकली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हशीवाला आधी पळाला. बिजलीबाई उठली तेव्हा कारभाऱ्याची बायको तिच्या बाजूनं चालू लागली.

लखन आला की नाही, यावर तांड्यात दोन पक्ष आहेत, आणि दोन्ही पक्ष आपण त्याला डोळ्यांनी पाहिलं असं सांगतात. नागपूरचा कायदा झाला, त्यावर सही झाली. नियम अजून यायचे आहेत.

नसाब उठली त्या संध्याकाळी रुपीबाईनं चहा केला आणि कप हिरासिंगपुढं ठेवला. त्यानं तो उचलला, ओठांना लावला आणि खाली ठेवला.

"गरम हाये," तो म्हणाला.

"चहा हाये थो," रुपीबाई म्हणाली. "गरमच राह्यते."

हिरासिंगनं कपात फुंकर घातली.